गुरुवारचा अर्धा तास

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरच्या तिसऱ्या दालनात, मी रडलो. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण डोळ्यांतून पाणी येतंय हे लक्षात आल्यावर मी आधी घड्याळ पाहिलं. ही धंद्याची सवय. संशयास्पद काही घडलं की आधी वेळ टिपायची, मग आजूबाजूला कोण आहे ते पाहायचं, आणि स्वतःचं मत वगैरे असलंच तर ते सगळ्यात शेवटी. आजूबाजूला शाळेचा एक वर्ग होता, त्याला ‘हात नका लावू, हात नका लावू’ असं सारखं बजावणाऱ्या एक बाई होत्या, आणि चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणारं एक जोडपं होतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बावन्न वर्षांचा, कोट घातलेला माणूस भिंतीपुढे उभा राहून नाक पुसत असला तर लोक त्याला सर्दी झाली असं समजतात. मीही आधी तेच समजलो.

मी सह्या तपासतो. बँका, कोर्टं, विमा कंपन्या आणि वाटण्यांवरून भांडणारे भाऊ मला कागद पाठवतात आणि विचारतात, ही सही त्याचीच का? मी कागद उलटा करतो. म्हणजे खरोखरच उलटा, डोकं खाली, पाय वर. सरळ धरला की डोळे नाव वाचू लागतात, आणि नाव वाचलं की माणूस विश्वास ठेवू लागतो. उलट्या कागदावर नुसत्या रेषा उरतात. हात कुठे थबकला, पेन कुठे उचललं, कुठे घाबरून दाब वाढला. दुसरा नियम असा की दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर त्यांतली एक खोटी आहे असं धरून चालायचं. खऱ्या माणसाला स्वतःची हुबेहूब नक्कल करता येत नाही. ऑफिसात मला ‘भिंग’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. बायको चारचौघांत सांगते की लग्नाच्या नोंदणीच्या वेळी ह्यांनी माझी सही उलटी करून पाहिली. हे साफ खोटं आहे. मी फक्त मान वाकडी केली होती.

त्या मंगळवारी कोटाच्या आतल्या खिशात एक फॉर्म होता. लांबट, जाड कागदाचा, गुळगुळीत. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवास आहे, त्याचा. ताईनं आणून दिला होता. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी, पुढे तीन महिने तिला स्वतःलाच कुणीतरी उठवायला-बसवायला लागणार, आणि आई गेली अकरा वर्षं ताईकडे. म्हणजे आता आई एक तर माझ्याकडे येणार, नाही तर त्या निवासात जाणार. ताईनं हा प्रश्न मला विचारलाच नाही. तिनं सरळ फॉर्म दिला. ‘मुलाची सही लागते म्हणाले. शुक्रवारपर्यंत दे,’ म्हणाली, आणि मग दारात थांबून, ‘तुझ्याकडे जागा लहान आहे, मला माहितीय,’ असंही म्हणाली. माझ्याकडे तीन खोल्या आहेत. अकरा वर्षांत मी रंगकाम, बायकोची पाठ, मुलीची परीक्षा, शेजारचा ड्रिलवाला आणि एकदा तर पाण्याचा कमी दाब अशी कारणं दिली होती. मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, पण तिची परीक्षा मी अजून अधूनमधून वापरतो. फॉर्मच्या पाठीवर बारीक अक्षरात सूचना होत्या. तिसरी अशी: फॉर्म चुरगळू नये, घडी घातलेला वा खराब झालेला फॉर्म स्वीकारला जाणार नाही. ही एकच सूचना मी मनापासून पाळत होतो. सही तेवढी करायची राहिली होती. दिवसाला चाळीस सह्यांवर मत देणारा माणूस स्वतःच्या एका सहीसाठी कोर्टातून निघून पायी हिंडत होता. बाहेर ऊन होतं, संग्रहालयात थंड होतं, म्हणून आत गेलो. निदान त्या वेळी मी स्वतःला हेच कारण दिलं. स्वतःच स्वतःला दिलेली कारणं मी सहसा तपासत नाही, तेवढा वेळ नसतो.

ते चित्र सगळ्यांना माहीत आहे. सुई ओवणारी बाई. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर, पत्र्याच्या डब्यांवर, न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. कुणी काढलं ते ठाऊक नाही, कधी काढलं त्यावर विद्वानांचं जमत नाही. खिडकीशी बसलेली एक बाई, एका हातात सुई उजेडाकडे धरलेली, दुसऱ्या हातात दोरा, तोंड किंचित उघडं. सुई ओवताना प्रत्येकाचं होतं तसं. सगळं चित्र तपकिरी, जुन्या चहासारखं. ‘श्रमाची एकाग्रता’ असं शाळेच्या पुस्तकात लिहिलं होतं आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न यायचा. दोन वर्षं चित्र साफसफाईसाठी आत होतं. ते परत लावल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं. मी दालनात शिरलो तो सवयीनं डावीकडे वळलो, आणि तपकिरी रंगाऐवजी समोर पांढरीशुभ्र दुपार होती. खिडकीतून उजेड नुसता सांडत होता. बाईच्या मागच्या खुर्चीवर कापडांचा ढीग होता, जो कुठल्याही डब्यावर कधी नव्हता. आणि बाईचे डोळे मिटलेले होते. अर्धवट नव्हे, पूर्ण. ती सुई ओवत नव्हतीच. सुई धरल्या धरल्या तिला झोप लागली होती, दोरा बोटांतून सुटून मांडीवर पडला होता, आणि तोंड उघडं होतं ते झोपेनं. आणि मग तीन वाजून दहा मिनिटं झाली.

मी संशयितांची यादी केली. एक, सर्दी. दोन, नव्या वार्निशचा वास. तीन, वय. चार, खिशातला फॉर्म. पाच, चित्र बदललेलं आहे: मूळ चित्र कुणीतरी लांबवलं आणि त्या जागी ही भलतीच झोपाळू बाई टांगली. पाचवी शक्यता मला सगळ्यात पटली, कारण तीत माझा काही दोष नव्हता. घरी जाताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवा मारला, पापण्या उलट्या केल्या आणि म्हणाले, ‘डोळे ठणठणीत आहेत. पाणी येतं म्हणजे, रडू येतं का?’ मी म्हणालो, ‘तेच तर तपासायचंय.’ त्यांनी थेंब लिहून दिले. घरी बायकोनं थेंबांची बाटली पाहिली आणि ‘आता हे काय नवीन?’ एवढंच विचारलं. मी ‘धूळ’ म्हणालो. तिनं बाटली उलटी धरून वरचं वाचल्यासारखं केलं. चोवीस वर्षांत तिला तेवढी एक नक्कल छान जमायला लागलीय.

खरं म्हणजे त्या बाईला मी जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळ पाहिलंय. सातव्या वर्षापासून नवव्यापर्यंत, दर गुरुवारी, चार ते साडेचार. बाबा कारखान्यात रात्रपाळीला होते, ताई शाळेत असायची, माझी शाळा सकाळची. आई घरी शर्टांची काजं करायची, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि गुरुवारी तयार गठ्ठा संग्रहालयामागच्या गल्लीतल्या शिंप्याला पोचवायची. येताना आम्ही संग्रहालयात शिरायचो, कारण गुरुवारी दुपारनंतर तिकीट नसे. आई मला तिसऱ्या दालनात नेऊन त्या चित्रासमोर स्टुलावर बसवायची. ‘तू बघत बस. हलायचं नाही. मी आलेच,’ म्हणायची, आणि डावीकडच्या दारानं निघून जायची. तिकडे नाण्यांचं दालन होतं. नाण्यांच्या दालनात कुणी अर्धा तास काय बघतं? मी बसायचो. त्या बाईकडे बघायचो. ती आता दोरा ओवील, मग ओवील, असं वाटायचं. मनाशी पैज लावायचो की हिनं दोरा ओवला की आई येणार. तिनं एकदाही ओवला नाही, आणि आई मात्र दर वेळी आली, म्हणजे पैज दोन्ही बाजूंनी फसायची. आई येण्याआधी नेहमी किल्ल्या वाजायच्या. डावीकडच्या दारापलीकडे, मोठ्या जुडग्याच्या किल्ल्या, छन छन छन, आणि मिनिटभरात आई. तिचे केस एका बाजूला चपटे झालेले असायचे, डोळे गुलाबी, आणि डाव्या गालावर लाल रेघांची बारीक जाळी उमटलेली असायची. आणि ती खुशीत असायची. घरी कधी नसायची इतकी. बाहेर पडताना मला लिमलेटची गोळी घेऊन द्यायची आणि म्हणायची, ‘बाबांना सांगू नकोस हं, कुठे बसलो होतो ते.’

सातव्या-आठव्या वर्षी या गोष्टी नुसत्या दिसतात. सोळाव्या वर्षी त्यांची बेरीज होते. सोळाव्या वर्षी माणसाला जगातली एकच गोष्ट नव्यानं कळलेली असते आणि ती तो दिसेल तिथे लावत सुटतो. एका दुपारी, सिनेमातला कुठलासा प्रसंग बघताना, मला लख्ख दिसलं: किल्ल्या, चपटे केस, गुलाबी डोळे, गालावर जाडाभरड्या कापडाची जाळी. संग्रहालयाचा पहारेकरी. जाड खाकी कोट, पट्ट्याला जुडगा, मिशा. पुरावा इतका एकमेकांत बसत होता की मला धंद्याचं पहिलं सुख त्या दिवशी मिळालं, आणि घरी आल्यावर मी जेवलो नाही. त्यानंतर मी आईला काही विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. नुसतं तिच्याशी बोलताना वाक्यं लहान करत गेलो. बाबा गेले तेव्हा आई रडली, तर मी तिच्या रडण्यात हात कुठे थबकतो ते बघत होतो. पस्तीस वर्षं ते प्रकरण माझ्या कपाटात बंद होतं आणि त्यातली मुख्य साक्षीदार माझ्याकडे चार दिवसांच्या वर कधी राहिली नव्हती. लोक म्हणायचे, मुलाचा स्वभाव जरा कोरडा आहे. कोरड्याला निदान कागद चिकटत नाहीत.

बुधवारी सकाळी मी संग्रहालयाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली: तिसऱ्या दालनातील चित्र मूळ नसावे असा सबळ संशय. खाली हुद्दा लिहिला. हुद्दा वाचून त्यांनी मला तळमजल्यावरच्या कामाच्या खोलीत धाडलं. चित्र साफ करणारी बाई चाळिशीची होती, कपाळावर चष्मा, बोटांवर डाग, आणि बोलण्यात रोज तेच उत्तर देणाऱ्याचा कंटाळा.

‘तुम्ही अकरावे,’ ती म्हणाली. ‘बाकीचे दहा तक्रारवहीत लिहून गेले. डोळे परत उघडा म्हणून.’

‘उघडेच होते,’ मी म्हणालो. ‘मी अडीच वर्षं पाहिलेत.’

‘डोळे नव्हते ते. बुबुळं होती, पापण्यांवर काढलेली. कधीतरी, खूप नंतर, दुसऱ्याच कुणीतरी. हातातला दोराही त्याचाच. हे बघा.’ तिनं मोठे फोटो टेबलावर पसरले. चित्राच्या थरांतून किरण आरपार घालून काढलेले, करडे. मी न विचारता पहिला फोटो उलटा केला. दुसरा तिनं स्वतःच उलटा करून माझ्यापुढे सरकवला. ‘आम्हीही असंच बघतो,’ म्हणाली. उलट्या फोटोत चेहरा नव्हता, रेषा होत्या. पापणीची रेष एका दमात ओढलेली, कुठे थांबा नाही. बुबुळांच्या रेषा मात्र तुटक, तीनतीनदा हात उचललेला, कडेला दाब वाढलेला. ज्याला आपण काय करतोय ते माहीत असतं आणि कुणी बघत तर नाही ना अशी भीती असते, त्याच्या हाताच्या रेषा. अशा रेषा मी रोज बघतो. कोर्टात मी डोळे झाकून शपथेवर सांगितलं असतं.

‘पण का?’ मी विचारलं. ‘कुणी कशाला उघडेल डोळे?’

‘आता ते कसं सांगणार?’ ती हात पुसत म्हणाली. ‘चित्र एका कापड गिरणीवाल्याकडे होतं बरीच वर्षं. कामाच्या वेळी झोपलेली बाई दिवाणखान्यात बरी दिसली नसेल.’ मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘तुम्हाला त्रास कशाचा होतोय? ती झोपलीय याचा, की तुम्ही इतकी वर्षं चुकीचं बघितलंत याचा?’

मी म्हणालो, तक्रार मागे घेतो. तिनं फॉर्म दिला. तक्रार मागे घ्यायलाही फॉर्म होता. तिथे मी फटकन सही केली.

बाहेर पडून पायऱ्यांवर उभा राहिलो. चित्र सुटलं होतं निर्दोष. पण एका प्रकरणात बुबुळं वरून काढलेली निघाली की तपासनीसाला आपल्या बाकीच्या कपाटाची काळजी वाटू लागते. मी ताईला फोन लावला आणि उगाचच सगळं चित्राचं सांगितलं, बाई झोपलेली निघाली वगैरे. ताई म्हणाली, ‘बरं मग? फॉर्मचं काय?’ मागून आईचा आवाज आला, ‘कोण झोपलंय?’ ताई म्हणाली, ‘कुणी नाही गं, चित्रातली बाई.’ हा तपशील नीट लक्षात ठेवायला हवा. तो पुढे नडतो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ताई आत मेहुण्यांना ऑपरेशनच्या बॅगेत काय भरायचं ते सांगत होती, म्हणजे मेहुणे भरत होते आणि ती बाहेर काढत होती. आई खिडकीशी खुर्चीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी मांडीवर आडवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी समोर बसलो. साक्षीदाराला आधी हवापाण्याचं विचारायचं असतं. मला ते जमलं नाही.

‘आई, लहानपणी गुरुवारी संग्रहालयात मला बसवून तू कुठे जायचीस?’

‘कुठे म्हणजे? झोपायला.’

‘झोपायला.’

‘नाण्यांच्या खोलीत वेताचं बाकडं होतं लांब. वर पंखा. तिथे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. अर्धा तास अशी झोप लागायची म्हणतोस, मेल्यासारखी.’ ती हसली. ‘तो पहारेकरी चांगला होता बिचारा. बंद करायच्या वेळी कानाशी किल्ल्या वाजवून उठवायचा. हाक मारायला लाजायचा.’

‘घरी का नाही झोपायचीस?’

‘घरी पलंग किती? एक. त्यावर दिवसा कोण? तुझे बाबा. रात्री ते गेले की मी काजं घेऊन बसायचे, सकाळी तुझी शाळा, मग ताईची. खाली आडवं व्हावं तर हे घोरणार आणि तू प्रश्न विचारणार. हे असं का, ते तसं का. तुला त्या बाईपुढे बसवलं की मात्र गप्प बसायचास. मला तरी काय माहीत का.’

‘मग बाबांना सांगू नको का म्हणायचीस?’

‘म्हणू नको तर काय करू? ह्यांची बायको भर दुपारी सरकारी बाकड्यावर तोंड उघडं टाकून पसरते, असं सांगू?’ मग तिनं माझ्याकडे बघितलं. चष्मा नाकावर आणून बघितलं. ‘तुला काय वाटलं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो.

‘काही नाही कसं? चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी विचारतोयस, काहीतरी वाटलं असणार.’

‘नाणी बघतेस वाटलं.’

‘नाणी!’ ती म्हणाली, आणि आत ताईला ओरडून सांगितलं, ‘अगं ऐकलंस का, ह्याला वाटलं मी नाणी बघायचे!’ आतून दोघं हसली. मीही हसलो. घरी येताना सगळा रस्ता मला त्या उत्तराचा राग येत होता, कारण ते फार छान होतं. किल्ल्या बसल्या, केस बसले, डोळे बसले, गालावरची जाळी बसली. वेताची वीण, अर्थातच. तंतोतंत. आणि तंतोतंत जुळलं की काय धरून चालायचं? शिवाय दुपारी फोनवर तिनं ‘बाई झोपलेली निघाली’ हे ऐकलं होतं. तयार उत्तर हाती लागलं असेल. साक्षीदाराच्या कानावर आधीच गोष्ट गेलेली असली की कोर्ट अशी साक्ष बाजूला ठेवतं. मी फॉर्म काढून टेबलावर ठेवला, पेन ठेवलं. बायको म्हणाली, ‘मला एकदा तरी खरं सांगाल का, आई इथे का नकोत? मला चालतात.’ मी म्हणालो, ‘तपास चालू आहे.’ ती म्हणाली, ‘कसला?’ मी फॉर्म परत कोटाच्या खिशात ठेवला.

त्यामुळे गुरुवारी मी प्रत्यक्ष चाचणी करायचं ठरवलं. आईला सांगितलं नुसतं, चल, तुझ्या जुन्या जागी नेतो. टॅक्सीत ती आनंदात होती, सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक गाडीत डोकावत होती. कोटाच्या खिशात भिंग होतं, फोनचा कॅमेरा होता, फॉर्म होता. योजना सोपी होती. वेताच्या बाकड्यावर खरोखर अर्धा तास झोपलं तर खरोखर डाव्या गालावर जाळी उमटते का, आणि मला आठवते तशीच उमटते का, हे पाहायचं. चौकटी लहान की मोठ्या, रेघा आडव्या की तिरक्या. माझी ती आठवण मी वापरून वापरून झिजवली होती, तरी रेघांचा कोन मला ठाऊक होता.

लिफ्टनं वर गेलो. तिसऱ्या दालनात मी तिला चित्रापुढे उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती चित्राकडे बघून म्हणाली, ‘ही कोण?’

‘आई! हीच ती. सुई ओवणारी.’

‘असेल. मी कधी नीट बघितली नाही. तुला बसवायचे आणि पळायचे.’ ती काठीवर रेलून पुढे झाली. ‘झोपलीय. पण हातात सुई तशीच. टोचेल तिला.’ एवढंच बोलून ती वळली. डावीकडे. मी बोट दाखवलं नव्हतं. दार ओलांडून, नाण्यांच्या कपाटांमधून, खांबाला वळसा घालून ती थेट मागच्या भिंतीशी गेली, काठी टेकत, पण आपल्या घरातल्या मोरीकडे जावं तशी. तिथे बाकडं होतं. मात्र त्याभोवती आता दोन पितळी खांब आणि लाल दोरी होती आणि एक पाटी: ‘संग्रहालयाचे मूळ आसन. कृपया बसू नये.’ आईनं पाटी वाचली. मग काठीनं दोरी जरा खाली दाबली, एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि बसली. हातानं वेत चाचपला. ‘इथला एक तुटलाय. तेव्हा नव्हता.’ मग डाव्या कुशीवर वळून, पाय वर घेऊन, हात पोटाशी धरून आडवी झाली.

‘तू बघत बस जा,’ म्हणाली. ‘मी आलेच.’

पहारेकरी धावत आला. तरुण, गळ्यात ओळखपत्र, कानात तार. ‘काका, बसायला परवानगी नाही तिथे. पाटी आहे.’

‘पाटी वाचली,’ मी म्हणालो. ‘त्या बसलेल्या नाहीत. झोपल्यात.’

तो पाटीकडे बघू लागला, आईकडे बघू लागला. ती खरोखरच झोपली होती. तोंड किंचित उघडलं होतं. ‘किती वेळ?’ त्यानं हळू आवाजात विचारलं.

‘साडेचारला उठवायचंय.’

‘वरिष्ठ राउंडला येतात पाचला,’ तो म्हणाला, आणि दोरीचा पितळी खांब, कुणी बघत नाही असं बघून, जरा आपल्या बाजूला सरकवून निघून गेला.

मी उभा होतो. चार वाजून चार मिनिटं झाली होती. वर पंखा नव्हता, आता थंड हवेचं यंत्र होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. डावा गाल वेतावर टेकलेला. उतारवयात कातडी सैल असते, जाळी लवकर उमटेल, खोल उमटेल. सव्वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग भिंग, मग फोटो, मग प्रकरण निकालात. आयुष्यात पहिल्यांदा मला असा पुरावा मिळत होता जो माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होता. मी खाली वाकलो. वेताचं एक तुटकं टोक तिच्या गालाच्या हाडाखाली आलं होतं, आणि झोपेतच तिनं एकदा मान हलवली, सुटायला बघितलं, आणि सुटता न आल्यानं तशीच पडून राहिली. सवय असल्यासारखी. तेव्हाही वेत रुततच असणार. अर्धा तास दिलाय ना, मग तो रुतत का असेना, घ्यायचा. आणि घेऊन झाल्यावर गाल चोळत, खुशीत, लिमलेटची गोळी घेऊन द्यायची. अन् पुढे सोळा वर्षांच्या एका हुशार माणसानं त्या गालावर येऊन बुबुळं काढायची.

मी कोट काढला. त्याची घडी केली, मग आणखी एक घडी. आतल्या खिशात फॉर्म कडकडला, जाड कागद होता. आईचं डोकं मी एका हातानं उचललं. ते इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. ती झोपेतच पुटपुटली, ‘प्रश्न नको आता,’ आणि मी कोट तिच्या गालाखाली सरकवून डोकं त्यावर ठेवलं. खाली पुन्हा एकदा कडकडलं, आणि मग काही आवाज आला नाही. म्हणजे पुरावा मी स्वतःच्या हातानं नष्ट केला, शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता. आता जाळी उमटणार नव्हती. पहारेकऱ्याचा खाकी कोट आणि वेताची वीण यांतलं काय खरं ते जगात कुणालाच कधी सिद्ध करता येणार नव्हतं, आणि त्या क्षणी मला दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं. मी शर्टाच्या बाह्या खाली घेतल्या आणि सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दालनात जाऊन बसलो. स्टूल नव्हतं, खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. बाई झोपली होती. मी बघत बसलो. हललो नाही. डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळे वेळ सांगता येत नाही.

साडेचार वाजता डावीकडून कसलाच आवाज आला नाही. हल्ली दारं कार्डानं बंद होतात. मी उठलो, बाकड्यापाशी गेलो, पँटच्या खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या कानाशी वाजवल्या.

तिनं डोळे उघडले. कुठे आहोत ते तिला लगेच कळलं, आणि तोंडावर तीच जुनी खुशी आली. डाव्या गालावर कोटाच्या बटणाचा गोल उमटला होता, चार भोकांसकट. तिनं गाल चोळला, कोट हातात घेतला, सवयीनं चाचपला. फॉर्म खिशातून वर आला होता, मधोमध मोडलेला. ‘हे काय कागद? चुरगळला की रे.’

‘आता घेणार नाहीत,’ मी म्हणालो. ‘असू दे.’

‘आणि हे बटण सैल झालंय. एका दोऱ्यावर लटकतंय.’ तिनं ते बोटानं फिरवून पाहिलं. ‘लावून देते. तुझ्या घरी सुईदोरा आहे का?’

‘असेल.’

‘असेल काय? आहे का?’

‘आहे,’ मी म्हणालो. ही माहिती मी तपासलेली नव्हती.